चपाती सोडली, पण गहू सुटला का?

पत्र : "मी खानापूर तालुक्यातली, वय ३४. चार वर्षं झाली, दर महिन्या-सव्वा महिन्याला तोंड येतं. जिभेच्या कडेला, ओठाच्या आतून, कधी गालाला, एकदम चार-पाच फोड. आठ-दहा दिवस आमटीचा घास घेववत नाही. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, सब्जा पी, आमच्या वेळी असलं ग्लुटेन-बिटेन काही नव्हतं. माझं हिमोग्लोबिन ९.४ होतं. दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या सहा महिने घेतल्या तरी ९.८ च्या वर गेलं नाही. पुण्याची नणंद म्हणाली, गहू सोडून बघ. दोन महिन्यांपूर्वी चपाती बंद केली. आता भाकरी, भात, आणि खीर वगैरे करायची झाली तर खपलीची. त्याच सुमाराला मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्याही आणल्या. या दोन महिन्यांत एकदाच तोंड आलं, तेही दोनच फोड. चपाती बंद करून दीड महिना झाल्यावर बेळगावात सेलिॲकची रक्ततपासणी केली, ती निगेटिव्ह आली. मग मला ग्लुटेन बाधतं की नाही? आठ वर्षांच्या मुलीलाही अधूनमधून तोंड येतं आणि वर्गात ती सगळ्यांत बुटकी आहे. तिचीही चपाती बंद करू का? कळेना झालंय."

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मुलीची चपाती बंद करू नका, निदान तिची रक्ततपासणी होईपर्यंत तरी नाही. तुमच्या बाबतीत जो घोळ झालाय तोच तिच्या बाबतीत नको.

घोळ असा की तुम्ही चपाती सोडलीत, गहू सोडलेला नाही. खपली हा गहूच. बेळगाव-धारवाड-विजापूर पट्ट्यातला जुना, सालीचा गहू. साखरेच्या रुग्णांना तो मानवतो म्हणून त्याला पथ्याचं नाव मिळालं, आणि ते नाव ग्लुटेनच्या बाबतीतही चिकटलं. त्यातलं ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारं प्रथिन, जरा कमकुवत असतं, म्हणून खपलीची कणीक फार ताणली जात नाही. पण ज्याला सेलिॲक, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर झिजण्याचा आजार, आहे त्याच्या आतड्याला हा फरक कळत नाही. पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण सकाळचं उप्पीट, चहाबरोबरची खारी-टोस्ट, शेवयांची खीर, बन्सी रव्याचा शिरा, यातलंही काही चालू असणार. चपाती बंद केलेल्या घरांतून हे सगळं बिनबोभाट चालू राहतं.

म्हणजे दोन महिन्यांत तोंड येणं कमी झालं ते गहू सुटल्यामुळे, असं म्हणता येत नाही. त्याच वेळी तुम्ही बी-कॉम्प्लेक्सही सुरू केलंत. त्यात बहुतेकदा बी-१२ आणि फॉलिक ॲसिड असतं आणि या दोन्हींची कमतरता हे वारंवार तोंड येण्याचं ठरलेलं कारण आहे. शिवाय तोंड येणं मुळातच लाटेसारखं असतं. दोन-चार महिने गप्प बसतं आणि मग परत उसळतं. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की श्रेय कुणाला द्यायचं ते कधीच समजत नाही.

निगेटिव्ह आलेल्या तपासणीचंही तसंच. ती बहुधा टीटीजी-आयजीए असावी, सेलिॲकसाठी पहिली हीच करतात. ही तपासणी ग्लुटेन शोधत नाही. ग्लुटेन पोटात गेल्यावर शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं ती मोजते. गहू थांबला किंवा कमी झाला की ही प्रतिद्रव्यं उतरायला लागतात, आणि काठावरची पॉझिटिव्ह असणारी बाई काही महिन्यांत निगेटिव्ह दिसू शकते. तुम्ही गहू पूर्ण सोडला नव्हता, त्यामुळे तुमचा अहवाल अगदीच वाया गेला असं नाही. पण त्यावर विसंबून विषय मिटवण्याइतका तो पक्काही नाही. आणखी एक गोष्ट अहवालात बघा: 'टोटल आयजीए' मोजलंय का? सेलिॲक असलेल्यांत शंभरात दोन-तीन जणांच्या रक्तात आयजीए हा प्रतिद्रव्यांचा प्रकारच जवळजवळ नसतो. त्यांची टीटीजी-आयजीए कायम निगेटिव्हच येणार. अशांना आयजीजी प्रकारची चाचणी लागते. लॅबमध्ये 'सेलिॲक टेस्ट' एवढंच सांगितलं तर टोटल आयजीए बहुतेक वेळा वगळलं जातं.

ग्लुटेन म्हणजे काय हे तुमच्या हाताला माहीत आहे. मांड्याची कणीक हातावर रुमालासारखी पसरते ती त्याच्या जोरावर. जोंधळ्याच्या पिठात ते नाही, म्हणून भाकरीला उकळतं पाणी लागतं आणि ती लाटण्याऐवजी थापावी लागते. गहू, सातू म्हणजे बार्ली, आणि आपल्याकडे फारशी न दिसणारी राय, या तीन धान्यांत ते असतं. बहुतेकांना ते निमूट पचतं. काहींच्या शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा मात्र त्याला शत्रू समजते आणि त्या भांडणात स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर झिजवते. तो सेलिॲक आजार. त्यासाठी विशिष्ट जनुकं असावी लागतात. ती तीस-चाळीस टक्के लोकांत असतात आणि आजार होतो त्यातल्या थोड्यांनाच. म्हणून 'जीन टेस्ट पॉझिटिव्ह' याचा अर्थ आजार आहे असा घेऊ नका. ती निगेटिव्ह आली तर मात्र सेलिॲक जवळपास बाद होतो.

सासूबाईंना सांगा की हे नवं फॅड नाही. विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हाचा हा दोष मांडला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा तिथली सेलिॲकची मुलं सुधारली, आणि पाव परत मिळू लागल्यावर पुन्हा आजारी पडली. सासूबाईंचं म्हणणं दुसऱ्या अर्थाने मात्र खरं आहे. त्यांच्या वेळी घरात भात, नाचण्याची आंबील आणि भाकरी होती. गहू सणाला यायचा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सेलिॲकचं प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के आणि दक्षिण भारतात ०.१० टक्के आढळलं. उत्तरेकडचा माणूस दिवसाला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गहू खात होता, दक्षिणेतला पंचवीस ग्रॅम. आपला सीमाभाग ताटाच्या बाबतीतही मधेच आहे. पोरांच्या डब्यात चपाती, रात्रीच्या जेवणात चपाती, आणि भाकरी 'आजी आली की' अशी स्थिती बऱ्याच घरांत झाली आहे.

आता तोंड येण्याचा आणि ग्लुटेनचा संबंध किती, ते सरळ सांगतो. वारंवार तोंड येणं फार सामान्य आहे. पाचातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास असतो, आणि त्यातल्या बहुतेकांना सेलिॲक नसतो. उलट बाजूने पाहिलं तर सेलिॲक असलेल्यांत तोंड येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसतं. काहींमध्ये तर ना जुलाब, ना पोट फुगणं, फक्त तोंड येतं आणि रक्त कमी असतं. अस्तर झिजतं ते आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि लोह शोषलं जातं ते तिथेच. फॉलिक ॲसिडही तिथून जवळच. ते शरीराला मिळेनासं झालं की तोंडाची आतली नाजूक त्वचा वेळेवर भरून निघत नाही. जरा दात लागला, चमचा लागला, की फोड.

म्हणून तुमच्या पत्रात आम्हाला सगळ्यांत खटकलं ते तोंड येणं नव्हे. सहा महिने गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन ९.४ वरून ९.८ एवढंच हललं, ते खटकलं. बाईचं हिमोग्लोबिन १२ हवं. लोहाची गोळी खरोखर अंगी लागत असेल तर तीन-चार आठवड्यांत किमान १ ग्रॅम वाढ दिसते. ती दिसली नाही की 'अजून घ्या' म्हणत बसण्याऐवजी का नाही वाढलं ते शोधायचं.

साधी कारणं आधी तपासा. गोळी चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेत होता का? चहातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो. गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-दूध-कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास लांब ठेवायची. मळमळत असेल तर एकाआड एक दिवस चालेल, त्यानेही शोषण चांगलं होतं, पण डॉक्टरांना विचारून. पाळीत जास्त अंगावर जातं का? पॅड दोन तासांत भरत असेल किंवा सात दिवसांवर चालत असेल तर गळती तिथेच आहे. भाताच्या रोपलावणीला अनवाणी उतरता का? आपल्या ओल्या शेतात आकडेकृमी पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून वर्षानुवर्षं रक्त पीत बसतो. त्याला अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची गोळी पुरते. ती घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घेतलेली बरी. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर मात्र विचारल्याशिवाय नाही. आणि एक कारण राहतंच: थॅलेसेमिया मायनर. यात तांबड्या पेशी जन्मतःच लहान असतात, लोहाचा साठा भरलेला असतो, आणि उगीच गोळ्यांवर गोळ्या दिल्या जातात. हे सगळं बाजूला पडूनही कारण सापडलं नाही तर सेलिॲककडे बोट जातं.

तपासणी अशी करून घ्या. पहिलं, बी-कॉम्प्लेक्स सध्या थांबवा, कारण गोळी चालू असताना बी-१२ चा आकडा खोटा चांगला दिसतो. दुसरं, चपाती परत सुरू करा. हो, सुरू करा. दुपारी एक, रात्री एक, म्हणजे रोज दोन, सहा आठवडे. एका मध्यम चपातीत साधारण अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं, तेवढं रोज पोटात गेलं तरच उत्तर भरवशाचं येतं. या काळात जुलाब, उलट्या, वजन उतरणं असं काही झालं तर सहा आठवडे पुरे करायचा हट्ट धरू नका. लगेच डॉक्टरांकडे जा, ते तपासणी आधीच करतील.

सहा आठवड्यांनी एकदाच रक्त द्या आणि सगळं एकत्र करून घ्या. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, फेरिटिन, बी-१२, फॉलिक ॲसिड, थायरॉइडची टीएसएच, टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. तो १५ च्या खाली असला तर साठा रिकामा, ३० च्या खाली असला तरी आम्ही तो कमीच धरतो. बी-१२ दोनशेच्या खाली म्हणजे कमतरता, दोनशे ते तीनशे म्हणजे काठावर. एक फसवी गोष्ट लक्षात असू द्या. लोह कमी असलं की तांबड्या पेशी लहान होतात आणि बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही कमी असलं की सरासरी बरोबर 'नॉर्मल' येते. अशा वेळी सीबीसीमधला आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारात किती फरक आहे ते सांगणारा आकडा, वाढलेला दिसतो. तो बघायला सांगा.

टीटीजी वाढलेली आली तर पोटाच्या डॉक्टरांकडे दुर्बिणीची तपासणी. सहा तास उपाशी, घशात भूल देणारा फवारा, पाच-दहा मिनिटांचं काम. दुर्बिणीतून आतडं नॉर्मल दिसलं तरी तुकडे घ्यायला हवेत, हे आधीच बोलून ठेवा. लहान आतड्याच्या दुसऱ्या भागातून किमान चार आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन. झीज ठिगळांसारखी असते, एकच तुकडा घेतला तर चांगला भाग हाती लागू शकतो. अस्तर झिजलेलं दिसलं म्हणून लगेच सेलिॲक ठरत नाही, हेही आपल्याकडे महत्त्वाचं. दूषित पाण्यातला जिआर्डिया हा परजीवी आणि ट्रॉपिकल स्प्रू नावाचा आजार यांतही अस्तर तसंच दिसतं, आणि त्यांना गहू सोडण्याऐवजी औषधांचा कोर्स लागतो. रक्त आणि तुकडा दोन्ही एकच सांगत असतील तेव्हाच आयुष्यभराचं पथ्य लावायचं.

ते पथ्य लागलंच तर ते आयुष्यभराचं आणि कडक असतं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन गेलं तरी अस्तर बिघडू शकतं. ५० मिलिग्रॅम म्हणजे चपातीचा पन्नासावा भाग, चिमूटभर कणीक. म्हणून 'मी चपाती खात नाही' एवढ्यावर भागत नाही, आणि आपल्या गावात हे सगळ्यांत जास्त बिघडतं ते गिरणीत. जोंधळा सोडलात, नाचणा सोडलात, पण तुमच्या आधी कुणाचे दहा किलो गहू दळले असतील तर जात्यात, नळीत, कापडी पिशवीत त्याचं पीठ बसलेलं असतं आणि तुमच्या पिठाचा पहिला किलो-दोन किलो त्याला घेऊनच खाली येतो. सकाळी गिरणी उघडल्या-उघडल्या जाणं, आधी दोन किलो तांदूळ फिरवून ते पीठ बाजूला काढणं, याने प्रमाण कमी होतं, पण सेलिॲकला पुरेल इतकं नाही. घरघंटी घेणं परवडत असेल तर ती फक्त बिनगव्हाच्या धान्यासाठी ठेवा. नाहीतर ज्या जात्यात कधी गहू पडला नाही असं घरचं जातं. धान्य अख्खं विकत घ्या, निवडा. बाजारच्या जोंधळ्यात गव्हाचे दाणे सर्रास सापडतात. मग धुऊन वाळवा.

घरातही पीठ उडतं. लाकडी काटवट, पोळपाट-लाटणं, चाळण या तीन गोष्टी वेगळ्या करा. लाकडाच्या रेघांत बसलेलं पीठ धुतल्याने निघत नाही. तवा लोखंडी असेल तर वेगळा, किंवा निदान भाकरी आधी आणि चपाती नंतर. भाकरीला लावायचं पीठ कणकेच्या डब्यातलं घेऊ नका, ही चूक हाताच्या सवयीने होते. खानावळीत भाकरी मागवली तरी ती मोडू नये म्हणून पिठात थोडी कणीक मिसळतात, ते विचारल्याशिवाय कळत नाही.

लपलेला गहू कुठे असतो? हिंगाच्या डबीत. बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, घटकांची यादी वाचा. थालीपिठाच्या भाजणीत, मेतकुटात, सातूच्या पिठात, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत, सोया सॉसमध्ये, गोबी मंचुरीच्या आवरणात. कुंदा घेताना त्यात रवा नाही ना, ते विचारा. ओट्स स्वतः बहुतेकांना चालतात, पण त्यात गव्हाची भेसळ फार, त्यामुळे पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेलेच घ्या. भारतात तो शब्द छापायचा तर किलोला २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं.

चालणाऱ्या गोष्टी मात्र आपल्याकडे भरपूर आहेत, आणि याबाबतीत पंजाबातल्या रुग्णापेक्षा बेळगावचा रुग्ण नशीबवान. तांदूळ, जोंधळा, शाळू, बाजरी, नाचणा, मका, वरी, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी. तांदळाची भाकरी, आंबील, घावन, इडली-डोसा, उकडीचे मोदक. महागड्या ग्लुटेन-फ्री बिस्किटांची गरज नाही. पथ्य सुरू केल्यावर लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२, डी आणि कॅल्शियम यांची भर डॉक्टरांकडून करून घ्यायची, कारण झिजलेलं अस्तर भरायला कित्येक महिने लागतात. टीटीजी साधारण सहा महिन्यांनी पुन्हा मोजतात. ती उतरत नसेल तर गिरणीचा संशय पहिला घ्यायचा.

आणि टीटीजी निगेटिव्ह, टोटल आयजीए व्यवस्थित, असं आलं तर? मग सेलिॲक बाजूला ठेवा आणि जे कमी आहे ते भरून काढा. बी-१२ रोज १००० मायक्रोग्रॅम जिभेखाली सहा महिने दिल्यावर तोंड येणं कमी झाल्याचं एका चाचणीत दिसलं, आणि तेही बी-१२ कमी नसलेल्यांतसुद्धा. टूथपेस्ट बदलून बघा. यादीत सोडियम लॉरिल सल्फेट असेल तर काहींचं तोंड त्यानेच येतं, त्याच्याशिवायची पेस्ट दोन-तीन महिने वापरा. एखादा दात टोकदार झालाय का ते दाताच्या डॉक्टरांकडून घासून घ्या. मिश्री लावत असाल तर ती बंद. बंद केल्यावर पहिले काही आठवडे तोंड जास्त आल्यासारखं होतं, घाबरून परत सुरू करू नका. दुखण्याच्या गोळ्या वरचेवर घेण्याची सवय असली तर तीही कारण असू शकते.

सेलिॲक नसूनही गव्हाने त्रास होणारी माणसं असतात. त्याला रक्ताची तपासणी नाही. ते ओळखायची पद्धत म्हणजे नीट केलेला प्रयोग: सहा आठवडे गहू खरोखर बंद, खपली आणि उप्पिटासकट, बाकी काहीही न बदलता. फरक पडला तर परत सुरू करून त्रास परततो का ते पाहणं. तोंड येण्याची लाट महिन्या-सव्वा महिन्याची असल्याने तुमच्यासाठी सहा आठवडे अपुरे पडतील. बारा बंद, बारा चालू, असं धरा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहा: फोड किती, कुठे, किती दिवस टिकले, पाळी कधी आली. पाळीच्या आधीच्या आठवड्यातच येत असतील तर ते चार महिन्यांत उघड होईल आणि गव्हावरचा आळ जाईल. मात्र हा प्रयोग तपासण्या संपल्यावर. आधी केलात तर पुन्हा याच वळणावर याल.

फोड असताना काय करायचं ते थोडक्यात. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार वेळा चूळ. ट्रायामसिनोलोन ०.१ टक्क्याची तोंडासाठीची पेस्ट डॉक्टरांनी दिली तर फोड सुरू होताच लावा. कापसाने जागा कोरडी करून नुसती टेकवायची, चोळायची नाही, रात्री झोपताना आणि जेवणानंतर. तुरटी किंवा चुना लावू नका, त्याने भाजतं आणि फोड मोठा होतो. जाईचा पाला चघळायला हरकत नाही. सब्जा प्यायलाही नाही, सासूबाईंचं मन राहील.

मुलीकडे वळू. तिची उंची आणि वजन आज भिंतीवर आणि वहीत लिहा. आठव्या वर्षी वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वाढ हवी. शाळेच्या जुन्या नोंदी असतील तर त्या काढा. तिचं खाणं आहे तसंच चालू ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि सीबीसी, फेरिटिन, टीटीजी-आयजीए, टोटल आयजीए करून घ्या. मागच्या वर्षभरात जंताची गोळी मिळाली का तेही बघा. पक्क्या दातांवर दोन्ही बाजूंना सारखेच खड्डे किंवा पिवळे-तपकिरी पट्टे असतील तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा, सेलिॲकमध्ये ते दिसतात. तुमची तपासणी पॉझिटिव्ह आली तर तिची करायलाच हवी, सेलिॲक असलेल्याच्या सख्ख्या नात्यात दहा-बारातल्या एकाला तो सापडतो. तोंड आलं की मेडिकलमध्ये मिळणारी कोलिन सॅलिसिलेटची जेल मात्र तिला लावू नका. १६ वर्षांखाली ती वापरू नये असा इशारा ब्रिटनने २००९ साली दिला आहे.

काही गोष्टींना सहा आठवडे थांबायचं नाही. एकच फोड, एकाच जागी, तीन आठवड्यांवर टिकला असेल, कडा टणक लागत असतील, दुखत नसेल तर दुसऱ्या दिवशी दाखवा. निपाणीच्या तंबाखूच्या या मुलुखात तोंडाचा कॅन्सर असाच सुरू होतो आणि 'तोंड आलंय' म्हणून महिनोन् महिने घरी राहतो. घरातल्या तंबाखू-गुटखा खाणाऱ्या माणसाचं तोंड पूर्वीइतकं उघडेनासं झालं असेल, तिखट सोसवत नसेल, तर त्यालाही बरोबर न्या. तोंडाबरोबर जननेंद्रियावर फोड, डोळे लाल होऊन दुखणं, शौचातून रक्त, महिन्यात वजन चार-पाच किलो उतरणं, यांतलं काही असेल तर डॉक्टर वेगळ्या दिशेने तपास करतील.

अहवाल हातात आल्यावर आम्हाला लिहाल तेव्हा टीटीजीचा नुसता 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' शेरा नको. आकडा आणि त्या लॅबची वरची मर्यादा दोन्ही लिहा, कारण प्रत्येक लॅबची मर्यादा वेगळी असते. शिवाय रक्त दिलंत त्या आठवड्यात रोज किती चपात्या पोटात गेल्या, तेही.